‘विनाकारण जिवंत ठेवू नये’ एवढे लिहिणे पुरेसे आहे का?

सांगलीकर: माझी आत्या ७८ वर्षांची आहे. २०१९ मध्ये तिने वहीच्या पानावर ‘बरे होण्याची आशा नसेल तर मला विनाकारण जिवंत ठेवू नये’ असे लिहिले आणि शेजारच्या दोघांच्या साक्षीदार म्हणून सह्या घेतल्या. नोटरीचा शिक्का नाही. गेल्या महिन्यात न्यूमोनियामुळे ती चार दिवस व्हेंटिलेटरवर होती. सुदैवाने ती बरी होऊन घरी आली, परंतु त्या चार दिवसांत माझ्या दोन्ही आतेभावांमध्ये या पानावरून तीव्र मतभेद झाले. थोरला म्हणतो की आईची इच्छा स्पष्ट आहे. धाकटा विचारतो की ‘विनाकारण’ म्हणजे काय, हे कोणी ठरवायचे? हा कागद कायद्याने ग्राह्य आहे का?

वकील, सातारा: आज तरी नाही. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी ‘कॉमन कॉज’ प्रकरणात लिव्हिंग विलला, म्हणजे पुढे स्वतः सांगता येणार नाही तेव्हा कोणते उपचार नकोत याच्या आगाऊ लेखी सूचनेला, मान्यता दिली, तेव्हा दोन साक्षीदारांबरोबर प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरीही आवश्यक होती. ही अट व्यवहारात फारच जाचक ठरली, म्हणून २४ जानेवारी २०२३ रोजी ती बदलून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोरचे साक्षांकन पुरेसे मानले गेले. मात्र माझ्या मते खरी अडचण शिक्क्याची नसून शब्दांची आहे. सूचना संदिग्ध असतील तर वैद्यकीय मंडळांनी (उपचार थांबवायचे की नाही हे ठरवणाऱ्या डॉक्टरांच्या समित्यांनी) त्या अमलात न आणता, लिव्हिंग विल नसलेल्या रुग्णांसाठीची कार्यपद्धती अवलंबावी, असे २०१८ च्या निकालातच म्हटले आहे. प्राथमिक मंडळाचे मत तपासणाऱ्या दुय्यम मंडळाने परवानगी नाकारली तर राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात जाता येते. पण तोवर रुग्णाचे हाल चालूच राहतात.

जर्मनीहून: येथील संघीय न्यायालयापुढे २०१६ मध्ये असाच वाद आला होता. पक्षाघातानंतर नळीवाटे अन्न दिल्या जाणाऱ्या एका वृद्धेच्या मुलींमध्ये ते अन्न थांबवावे की नाही, यावर एकमत नव्हते. ‘जीव टिकवणारे उपचार नकोत’ एवढ्याच विधानाने नेमका कोणता उपचार नाकारला हे कळत नाही, असे न्यायालयाने ६ जुलैच्या निर्णयात सांगितले. विशिष्ट उपचारांचा, अथवा पुरेशा नेमक्या आजारांचा किंवा प्रसंगांचा उल्लेख हवा.

निवृत्त परिचारिका: अतिदक्षता विभागातील अनुभवावरून एक कळकळीची विनंती करते. ‘व्हेंटिलेटर नको’ असेही सरसकट लिहू नका. आत्या त्याच्याच आधाराने बऱ्या झाल्या. बरा होऊ शकणारा आजार आणि परत न येणारी शुद्ध, यांबाबत वेगवेगळी वाक्ये लिहा. डायलिसिस, नाकातील नळीने अन्न, हृदय थांबल्यास छाती दाबून ते सुरू करण्याचा प्रयत्न, यांपैकी काय हवे आणि काय नको, ते एकेक करून नोंदवा. वेदनाशामक औषधे शेवटपर्यंत द्यावीत, हे वाक्य कृपया विसरू नका.

सांगलीकर: काल आत्याला सर्व वाचून दाखवले. नळीने अन्न नको, हे तिने लगेच सांगितले. डायलिसिसबद्दल मात्र तिला डॉक्टरांशी बोलायचे आहे. तिच्या वतीने निर्णय घेणारे म्हणून दोन्ही मुलांची नावे घालता येतील का?

वकील, सातारा: हो, २०२३ पासून एकाहून अधिक नावे देता येतात, फक्त दोघांचे पटले नाही तर कोणाचा शब्द मानावा, तेही आत्यांनीच लिहावे. एक प्रत कुटुंबाच्या डॉक्टरांना आणि एक महापालिकेने नेमलेल्या अभिरक्षकाकडे, म्हणजे असे कागद जपून ठेवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, द्या.