१७ वर्षांच्या फॉरवर्डचा अहवाल: 'स्केटिंग कमी' एवढं लिहून भागतं का?

प्रश्न

नमस्कार मंडळी. एका ज्युनियर आइस हॉकी संघासाठी मी दोन हंगाम खेळाडू बघायचं काम करते आहे. आत्तापर्यंत माझ्या वाट्याला डिफेन्समन आणि गोलकीपरच जास्त आले. या वेळी पहिल्यांदा एका फॉरवर्डचा पूर्ण अहवाल लिहायचा आहे आणि तीन रात्री झाल्या, पहिल्या पानाच्या पुढे गाडी सरकत नाहीये.

मुलगा १७ वर्षांचा. उंची ५ फूट १० इंच, अंगाने अजून भरायचा आहे. लेफ्ट शॉट आहे, म्हणजे स्टिकचं पातं डाव्या बाजूला धरतो, पण खेळतो बहुतेक उजव्या विंगवर, अधूनमधून सेंटरला. सहा सामने बघितले, चार रिंकवर बसून आणि दोन व्हिडिओवर.

आवडलेलं आधी सांगते. हात फार सुंदर आहेत. पक (रबराची चकती) स्टिकवर आला की खडखडत नाही, विसावतो. आणि शॉट मारताना पाय थांबत नाहीत. त्याच्या वयाची बहुतेक मुलं शॉटच्या आधी क्षणभर सरळ होऊन घसरत जातात, त्यामुळे गोलकीपरला तयारीला वेळ मिळतो. हा चालत्या पावलावरच रिस्ट शॉट सोडतो. पॉवर प्लेवर, म्हणजे समोरचा खेळाडू शिक्षेमुळे बाहेर असताना, उजव्या हाफ-वॉलवर (बाजूच्या भिंतीलगत) उभा राहतो, तिथून वन-टायमरही (आलेला पक न थांबवता मारलेला शॉट) चांगला बसतो.

आता खटकलेलं. थांबलेल्या जागेवरून पहिली तीन पावलं जड पडतात. एकदा वेग घेतला की कुणाच्या मागे राहत नाही, पण वेग घेईपर्यंत संधी गेलेली असते. बॅकचेकचा, म्हणजे पक गेल्यावर मागे धावून बचावाला येण्याचा, भरवसा नाही: एका शिफ्टला (बर्फावरच्या एका पाळीला) जीव तोडून मागे येतो, दुसऱ्या शिफ्टला मधल्या झोनमध्ये नुसता घसरत राहतो. आणि आपल्या झोनमध्ये बोर्डजवळ (रिंकच्या कडेच्या भिंतीजवळ) अंगावर कुणी आलं की पक सोडून मोकळा होतो.

माझी खरी अडचण वेगळीच आहे. चौथ्या सामन्यात तो मला दिसलाच नाही. पाचव्यात तीन गोल. वहीची ती दोन पानं शेजारी ठेवली तर वाचणाऱ्याला वाटेल की ही दोन वेगळी मुलं आहेत. सरासरी काढून 'सातत्य नाही' असं लिहून टाकणं सोपं आहे, पण ते लिहिताना हात अडतो. तो मुलगा वर्षभर राबतोय, माझ्या दोन शब्दांनी त्याचं नाव यादीवरून खाली जाऊ शकतं. अनुभवी लोकांनी सांगावं: पहिल्या पावलांच्या उणिवेला किती वजन द्यायचं, आणि या दोन पानांचं काय करायचं?

प्रतिसाद १

स्पष्टच सांगतो. मी बरीच वर्षं ज्युनियर मुलांना शिकवलं आहे. पाय नसतील तर हातांचा उपयोग नाही. वरच्या पातळीवर मोकळी जागा मिळतच नाही. ५ फूट १० इंचाचा मुलगा पहिल्या तीन पावलांत मागे पडत असेल तर त्याला पक मिळणार कधी? उंच असता तर पल्ल्यावर भागलं असतं. मी असतो तर हे अहवालात सगळ्यात वर लिहिलं असतं.

प्रतिसाद २

ताई, प्रश्न वाचून आनंद झाला. 'लिहिताना हात अडतो' हे वाचलं आणि वाटलं, काम योग्य माणसाकडे गेलं आहे. मी १४ वर्षं हेच करतोय, त्यातली बहुतेक फॉरवर्ड बघण्यात गेली.

वरच्या प्रतिसादातली काळजी खरी आहे, निकालाशी मात्र मी सहमत नाही. 'स्केटिंग कमी' हे दोन शब्द अहवालात आले की मला कारण हवं असतं. गुडघा वाकत नाही म्हणून पावलं जड आहेत, की पाय मागे ढकलल्यावर पुन्हा शरीराखाली येत नाही, की मांडीत ताकदच कमी आहे? १७ व्या वर्षी ताकद वाढायची असते. गुडघ्याचा कोन आणि पावलाचं परत येणं शिकवता येतं. पण स्केटच्या पात्याच्या कडांवरचा तोल कच्चा असेल, म्हणजे वळताना आतली कड धरत नसेल, तर मी जास्त घाबरतो, कारण ते सुधारायला फार वेळ लागतो. पुढच्या वेळी सामना सुरू व्हायच्या आधीच जाऊन बसा. सराव करताना मुलं सहज गोल फिरतात ना, तेव्हा दोन्ही बाजूंचे क्रॉसओव्हर (वळताना एक पाय दुसऱ्यावरून टाकणं) बघा. सामन्यात जे लपतं ते तिथे उघडं पडतं.

ब्रेडन पॉइंटचं नाव तुम्हाला माहीत असणार. एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगचे संघ तरुण खेळाडू निवडतात त्या २०१४ च्या ड्राफ्टमध्ये तो ७९ वा निवडला गेला. अंगाने लहान आणि स्केटिंगबद्दल शंका. टँपा बे संघाने त्याच्यावर मेहनत घेतली, बार्ब अंडरहिल यांनी त्याच्या पावलांवर काम केलं. त्या स्वतः फिगर स्केटिंगमधल्या १९८४ च्या जोडी प्रकारातल्या विश्वविजेत्या. पुढे २०२० आणि २०२१, दोन्ही वर्षी स्टॅन्ले कप (एनएचएलचं विजेतेपद) जिंकताना प्लेऑफमध्ये सर्वाधिक गोल पॉइंटचेच होते, दर वेळी १४. आणि ज्याच्या पायांबद्दल कायम बोललं गेलं त्या ल्यूक रोबिताईला १९८४ मध्ये नवव्या फेरीत १७१ वा घेतला होता. त्याने एनएचएलमध्ये ६६८ गोल केले. एकाचे पाय सुधारले, दुसऱ्याने हात आणि डोकं यांच्या जोरावर भागवलं. दोघांकडेही एक गोष्ट आधीपासून होती: पक येण्याआधी पुढे काय करायचं ते ठरलेलं असायचं. त्यामुळे तुमच्या मुलाच्या पायांपेक्षा मला त्याच्या मानेबद्दल जास्त ऐकायचं आहे.

मान म्हणजे काय ते सांगतो. आपला डिफेन्समन गोलच्या मागून बोर्डवरून पक फिरवतो. विंगर आपल्या झोनमध्ये बोर्डला पाठ लावून वाट बघतोय. त्याच वेळी समोरच्या संघाचा डिफेन्समन निळ्या रेषेवरून त्याच्या अंगावर खाली येतोय. पक सुटल्यापासून विंगरच्या स्टिकला लागेपर्यंत जेमतेम एक-दीड सेकंद. एवढ्या वेळात त्याने खांद्यावरून मागे बघितलं का? किती वेळा? मी वहीत बाकी काही लिहीत नाही, एकेका नजरेला एक रेघ मारतो. दोनदा बघणाऱ्याला माहीत असतं की आतल्या बाजूला सेंटर येतोय, तो एका स्पर्शात पक देऊन मोकळा होतो. न बघणारा पक आल्यावर विचार करायला लागतो, आणि तोवर अंगावर धडक बसलेली असते.

हे मला चूक करून कळलं. सुरुवातीच्या वर्षांत एका मुलाबद्दल मी पानभर कौतुक लिहिलं होतं, सगळं त्याच्या हातांचं. त्याची मान एकदाही वळत नव्हती हे मी बघितलंच नव्हतं, कारण मी पूर्ण वेळ पककडे बघत होतो. त्याच्या वयोगटात त्याला वेळ मिळायचा म्हणून हात चालायचे. वर गेल्यावर वेळ संपला आणि तो मुलगा अक्षरशः हरवला. ते पान मी अजून जपून ठेवलं आहे.

तुमच्या बाकीच्या नोंदींबद्दल. अंगावर कुणी आलं की पक सोडतो म्हणता, तर तो पक जातो कुठे? सोबत्याच्या स्टिकवर जात असेल तर ती समज आहे, कौतुकाच्या रकान्यात टाका. काचेवर आपटून बाहेर जात असेल तर घाबरणं आहे. बॅकचेकसाठी घड्याळ लावा. चांगली शिफ्ट ४०-५० सेकंदांची असते. तो मिनिटभर बर्फावर राहून मग घसरत असेल तर दम संपलाय, किंवा कोच त्याला जास्त वेळ ठेवतोय. पंधराव्या सेकंदाला घसरत असेल तर ती सवय आहे, आणि मग कठोर लिहा.

जन्मतारीखही टाका. एनएचएल ड्राफ्टसाठी १५ सप्टेंबरपर्यंत १८ पूर्ण लागतात. १४ सप्टेंबरचा मुलगा आणि २० सप्टेंबरचा मुलगा यांच्यात सहा दिवसांचं अंतर, पण दुसऱ्याला अख्खं वर्ष जास्त मिळतं. 'अंगाने अजून भरायचा आहे' याचा अर्थ त्या तारखेवर अवलंबून आहे.

आणि शेवटी मला सगळ्यात जास्त छळणारी गोष्ट. लेफ्ट शॉट असून उजव्या विंगवर खेळतो असं तुम्ही सहज लिहून पुढे गेलात. चौथ्या आणि पाचव्या सामन्यात तो कुठल्या जागेवर होता?

प्रतिसाद ३

मी आकडे बघणारा, म्हणून तेवढंच. पॉवर प्लेचे गुण बाजूला काढा आणि समान संख्येच्या खेळातले गोल आणि पहिले असिस्ट (गोलच्या लगेच आधीचे पास) तेवढे मोजा. दुसरा असिस्ट बरेचदा दैवाचा असतो. मग सोबत कोण खेळत होतं ते बघा. ॲलेक्स डेब्रिंकॅटने २०१४-१५ मध्ये ईरी या ज्युनियर संघाकडून ५१ गोल केले तेव्हा संघात कॉनर मॅकडेव्हिड होता, त्यामुळे श्रेय कुणाचं हा प्रश्न रास्तच होता. पुढच्या हंगामात मॅकडेव्हिड एनएचएलमध्ये गेला आणि डेब्रिंकॅटने पुन्हा बरोबर ५१ केले. तरी ५ फूट ७ इंचाच्या त्या मुलाला २०१६ मध्ये ३९ व्या क्रमांकापर्यंत थांबावं लागलं. पुढच्या ज्युनियर हंगामात ६५ गोल, आणि नंतर एनएचएलमध्ये दोन हंगामांत प्रत्येकी ४१. सोबती बदलल्यावर काय होतं हे बघायची संधी मिळाली तर सोडू नका.

मूळ प्रश्नकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. दादा, तुमचा शेवटचा प्रश्न वाचला आणि जेवण तसंच ठेवून वही उघडली.

चौथ्या सामन्यात तो पूर्ण वेळ उजव्या विंगवर होता. पाचव्यात त्यांचा एक सेंटर दुखापतीमुळे नव्हता, म्हणून हा मधे खेळला. मी दोन्ही पानांवर जागा लिहिली होती, पण जोडून बघितलं नव्हतं.

मग व्हिडिओवरचे दोन सामने पुन्हा लावले, दोन्हीत तो उजवीकडेच आहे. पकवरची नजर काढून फक्त त्याच्याकडे बघितलं, आणि काय दिसलं ते नीट सांगते. आपल्या झोनमध्ये उजव्या बोर्डवर त्याला पुढे तोंड करून पक घ्यायचा तर तो बॅकहँडवर (स्टिकच्या पात्याच्या उलट्या बाजूवर) येतो. ते त्याला नको असतं. म्हणून तो वळतो, आपल्या गोलकडे तोंड करून फोरहँडवर पक घेतो. म्हणजे नेमक्या ज्या क्षणी तो डिफेन्समन खाली धावून येतोय, त्या क्षणी याची पाठ त्याच्याकडे असते! मान वळवतो, पण वळण घेण्याआधी एकदाच. नंतर काही दिसायची सोयच नाही. पक काचेवर जातो तो बहुतेक तिथूनच. एकदा मात्र त्याने बॅकहँडवरच घेतला, मान आधी दोनदा फिरली होती, आणि सरळ मधल्या सेंटरला दिला. ती क्लिप मी सात-आठ वेळा बघितली.

बॅकचेकचं घड्याळही लावलं. घसरणं बहुतेक ५५ सेकंदांच्या पुढचं आहे. दोन वेळा मात्र विसाव्या सेकंदाच्या आत होतं, ते मी आहे तसं लिहिणार.

पहिल्या प्रतिसादातल्या सरांना: पावलांची नोंद राहणारच आहे, फक्त आता 'गुडघा उंच राहतो, पाऊल शरीराखाली पूर्ण परत येत नाही' अशी. क्रॉसओव्हर अजून बघायचे आहेत. शनिवारी त्याचा सामना आहे, बर्फावर सराव सुरू व्हायच्या आधी पोचते.

प्रतिसाद २

ताई, हे आधी अहवालात जाऊ द्या, अगदी याच शब्दांत. 'उजव्या बोर्डवर फोरहँडसाठी पाठ वळवतो' हे वाक्य वाचून कोच दुसऱ्या दिवशी सरावाला काय घ्यायचं ते ठरवू शकतो. 'सातत्य नाही' वाचून काय करणार?

एक अट तेवढी. पाचव्या सामन्यातले तीन गोल मधे खेळल्यामुळे झाले असं एवढ्यात लिहू नका. एक सामना आहे तो. सेंटरला अजून दोन-तीनदा दिसू द्या, तोपर्यंत 'पुन्हा बघावं' असं लिहा.

आणि शनिवारी मध्यरेषेवर बसू नका. गोलच्या मागच्या कोपऱ्यात, जितकं वर जाता येईल तितकं. तीनपैकी दोन पिरियड तो संघ एकाच बाजूचा गोल राखतो, त्या बाजूला बसा, त्यामुळे बोर्डवर पक घेताना त्याचा चेहरा तुम्हाला समोरून दिसेल. कुठल्या बाजूला ते तिथे गेल्यावर कुणालाही विचारा.

मूळ प्रश्नकर्ती

कोपऱ्यात, वर. लिहून घेतलं. रविवारी इथेच कळवते.