जुन्या शिडाच्या बोटीसाठी होकायंत्र कुठलं घ्यावं?

नमस्कार मंडळी,

माझी २६ फुटी शिडाची बोट आहे, फायबरची, सत्तरच्या दशकात इंग्लंडात बांधलेली. एरवी गोव्यात मांडवी नदीत नांगरलेली असते, सध्या पावसाळ्यामुळे वर ओढून ठेवलीय. केबिनच्या मागच्या भिंतीत गोल भोक पाडून बसवलेलं तिचं मूळ होकायंत्र आता कामातून गेलंय. उन्हानं घुमटाला बारीक तडे गेलेत, आत लिंबाएवढा बुडबुडा फिरतो आणि तबकडी कायम एका अंगाला कललेली असते.

'जीपीएस आहे ना, मग कशाला?' हे कृपया सांगू नका. बोट कुठे सरकतेय ते जीपीएस सांगतो, नाळ (बोटीचं पुढचं टोक) कुठे रोखलीय ते नाही. वारा पडला की त्याचा बाण वेड्यासारखा गरगरतो. शिवाय रात्री सुकाणूचा दांडा धरून तासन्‌तास स्क्रीनकडे बघवत नाही.

पर्याय तीन दिसतात. जुन्यातच तेल भरून घेणे, परदेशातून भिंतीत बसणारं नवं मागवणे, किंवा मालीम जेटीवर मच्छीमारांच्या सामानात मिळणारं, ब्रॅकेटवर बसवायचं स्वस्तातलं घेणे. तुम्ही काय केलं असतं?

तांडेल:
तेल भरण्याच्या फंदात पडू नका. बुडबुडा झाला म्हणजे गळती आहे, बहुधा मागचा रबरी पडदा फाटलाय. काही यंत्रांत स्पिरिट असतं, काहींत रॉकेलसारखं खनिज तेल. चुकीचं पडलं तर तबकडीचा रंगच सुटून येतो. त्यातून घुमटाला तडे गेलेत म्हटल्यावर एवढी मेहनत वाया.

मालीमचंही नको. इंजिनाच्या बोटींसाठीची बरीच स्वस्त यंत्रं बोट २५-३० अंश कलली की आत घासतात, तबकडी अडकते. शिडाची बोट तर अर्धा दिवस कललेलीच असते! घेताना यंत्र हातात धरून तिरकं करा आणि तबकडी मोकळी फिरते का बघा.

बेतीकर:
तबकडी कललेली असते म्हणालात. ती नेहमी दक्षिणेच्याच बाजूला खाली असते का?

धागाकर्ता:
हो! बोट कुठेही वळवली तरी दक्षिणच खाली. बुडबुड्यामुळे असेल असं वाटत होतं.

बेतीकर:
बुडबुड्याचा दोष नाही तो. पृथ्वीचं चुंबकीय बल ब्रिटनमध्ये क्षितिजाखाली ६५-७० अंश झुकलेलं असतं, म्हणून तिथल्या यंत्रात दक्षिणेकडे वजन टाकून तबकडी सपाट करतात. गोव्यात हा झुकाव जेमतेम वीसेक अंश. उत्तर टोक खाली ओढणारं बल कमी, वजन मात्र तेवढंच, म्हणून दक्षिण बाजू बसते. नवं मागवताना 'भारतासाठी संतुलित केलेलं' असं लिहून घ्या. बरेच उत्पादक जगाचे पट्टे पाडून वेगवेगळ्या तबकड्या देतात, पण परदेशातला दुकानदार आपण होऊन विचारत नाही. माझ्या मते ब्रँडपेक्षा हे महत्त्वाचं.

भोकाचा व्यास आणि मागची खोली मोजूनच ऑर्डर द्या. भोक मोठं करता येतं, लहान करायला फायबरचं काम निघतं. दांड्याशी तुम्ही एका बाजूला बसणार, तेव्हा नाळेची दिशा दाखवणाऱ्या समोरच्या रेषेबरोबर ४५ अंशांवरही खुणेच्या रेषा असलेलं बघा.

तांडेल:
बसवताना पितळी स्क्रू वापरा. स्टेनलेस म्हणून विकलेल्या स्क्रूलाही कधी कधी चुंबक चिकटतं. दिव्याच्या दोन्ही तारा एकमेकींना पीळ घालून न्या. आणि भिंतीच्या आतल्या बाजूला, बरोबर यंत्रामागे, कोणी ब्लूटूथ स्पीकर ठेवत नाही ना तेही बघा. आमच्याकडे 'बिघडलेल्या' होकायंत्राचं कारण तेच निघालं होतं.

धागाकर्ता:
धन्यवाद दोघांनाही. भिंतीतलंच मागवतो, भारताच्या तबकडीचं. पाण्यात उतरवल्यावर चूक किती आहे ते जीपीएसशी ताडून बघू का?

बेतीकर:
मांडवीत भरती-ओहोटीचा ओढ असतो, जीपीएसची दिशा त्यात फसवते. नकाशावर असलेल्या दोन ठळक खुणा एका रेषेत आणा, बोट त्या रेषेवर सरळ रोखा आणि यंत्र काय दाखवतं ते लिहून नकाशावरच्या त्या रेषेच्या दिशेशी ताडा. खुणांच्या जोड्या बदलून आठही दिशांना हे करा. आपल्याकडे खऱ्या आणि चुंबकीय उत्तरेत एखाद अंशाचाच फरक आहे. त्यामुळे पाच-सात अंशांची तफावत दिसली तर ती बोटीतल्या लोखंडाची किंवा तारांची समजा. एकट्यानं मात्र करू नका, एक जण दांड्यावर आणि एक वहीवर हवा.