जेजुरी आणि परिसर : शनिवार-रविवारची आखणी कशी केलीत?

जेजुरीचा खंडोबा अनेक मराठी घराण्यांचे कुलदैवत आहे. पुण्याहून अंतर सुमारे ५० किलोमीटर असल्यामुळे बहुतेक जण सकाळी जाऊन दुपारी परततात आणि सासवड, पुरंदर, मोरगाव, भुलेश्वर ही जवळची ठिकाणे राहूनच जातात. ज्यांनी मुक्काम करून हा परिसर पाहिला आहे, त्यांनी आपला क्रम, वेळा आणि सोबतच्या ज्येष्ठांना काय झेपले, हे सविस्तर लिहावे.

कोथरूड, पुणे

आखणीची सुरुवात नकाशापासून न करता पंचांगापासून करावी, असे माझे मत आहे. रविवार हा खंडोबाचा वार. त्यामुळे ‘शनिवारी फिरू आणि रविवारी दर्शन घेऊन परतू’ हा सोयीचा वाटणारा बेत थेट गर्दीत नेऊन सोडतो. आम्ही शुक्रवारी रात्री मुक्कामाला पोहोचलो आणि शनिवारी उजाडताच गड चढलो. त्या वेळी दीपमाळांमधून वर जाताना थांबता येते, वाटेतल्या बाणाईचे दर्शन निवांत होते आणि देवळासमोरचे पितळी पत्र्याने मढवलेले भव्य कासवही नीट पाहता येते. एरवी ते भंडारा उधळणाऱ्यांच्या पायांत हरवलेले असते. चपला खालीच ठेवाव्या लागत असल्याने उन्हाळ्यात दहानंतर दगडी फरशीचे चटके बसतात, हेही लवकर निघण्याचे कारण आहे. सोमवती अमावास्येला मात्र नुसत्या सहलीसाठी जाऊ नये. त्या दिवशी देवाची पालखी कऱ्हेवर स्नानाला जाते आणि गावात वाहनाला जागा उरत नाही.

बारामती

वरील मताशी मी अर्धाच सहमत आहे. ज्यांच्या घरी कुळाचार आहे, त्यांना रविवार टाळून कसे चालेल? थोरल्या पुतण्याचे लग्न झाल्यावर आम्ही सगळे रविवारीच गेलो. प्रथेप्रमाणे त्याने नवरीला उचलून पाच पायऱ्या चढल्या, वर तळी भरली, ‘सदानंदाचा येळकोट’ झाला, वाघ्या-मुरळीची गाणी ऐकली. या सगळ्याला गर्दी लागतेच. रिकाम्या गडावर ते सुने वाटले असते. फक्त दोन गोष्टी सांभाळाव्यात. भंडारा हळदीचाच आहे याची खात्री करून घ्यावी, कारण रंग मिसळलेली पूड डोळ्यांना झोंबते. आणि पावसाळ्यात भंडाऱ्याने पायऱ्या निसरड्या होतात, तेव्हा उतरताना वडीलधाऱ्यांचा हात सोडू नये. कपड्यांबद्दल काय सांगावे? पांढरे घालून गेलात तर पिवळे घालून परताल.

आमच्यातील तरुण मंडळी दुसऱ्या दिवशी पहाटे कडेपठारला गेली. हे खंडोबाचे जुने स्थान असून चढ गडापेक्षा बराच मोठा आहे. गड आणि कडेपठार एकाच सकाळी करण्याचा हट्ट धडधाकट माणसांनीच धरावा.

ठाणे

सोबत सासूबाई आणि आत्या असल्याने आम्ही चढ एकच ठेवला. गडासाठी डोली केली (दर चढण्यापूर्वीच ठरवून घ्यावा) आणि उरलेला वेळ सपाटीवरच्या देवळांना दिला. मोरगाव जेजुरीहून सुमारे १७ किलोमीटरवर आहे. मोरेश्वराच्या देवळाला तटबंदी आणि कोपऱ्यांवर मनोरे आहेत, आणि गणपतीसमोर नंदी बसलेला आहे. शंकराच्या देवळासाठी नेला जाणारा हा नंदी येथे बसला तो उठलाच नाही, अशी कथा तिथे सांगतात. चतुर्थी तेवढी टाळावी. परतीच्या वाटेवर सासवडला सोपानकाकांची समाधी आणि नदीकाठचे संगमेश्वराचे देऊळ पाहिले. संगमेश्वर हे आमच्या सहलीतील सर्वांत शांत ठिकाण ठरले. तिथे तासभर नुसते बसावे. मोसम असेल तर सासवडच्या बाजारात सीताफळे आणि अंजिरे घेण्यास विसरू नये.

सासवड

आम्ही स्थानिक असल्याने पाहुण्यांना नेहमी सांगतो की पुरंदर दुपारनंतरसाठी ठेवू नका. किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे, ओळखपत्र लागते आणि संध्याकाळी लवकर खाली उतरावे लागते. गाडी बऱ्याच वरपर्यंत जाते, म्हणून ‘तासाभरात उरकू’ असे वाटते. परंतु १६५७ साली संभाजी महाराजांचा जन्म ज्या किल्ल्यावर झाला आणि १६६५ साली मुरारबाजी देशपांडे जिथे लढता लढता पडले, तो किल्ला तासाभरात पाहून काय हाती लागणार? अर्धा दिवस द्यावा. पायथ्याच्या नारायणपूरला यादवकालीन नारायणेश्वर आहे. जवळच दत्ताचे देऊळ असल्याने गुरुवारी आणि पौर्णिमेला तिथे रीघ असते.

लहान मुले असतील तर पुरंदरऐवजी सोनोरीजवळचा मल्हारगड घ्यावा. पानसे सरदारांनी १७५७ ते १७६० च्या सुमारास बांधलेला हा किल्ला लहान आणि चढायला सोपा आहे. सावली मात्र जवळजवळ नाही.

आषाढी वारीच्या दिवसांत माउलींची पालखी दिवे घाटातून सासवडला येते आणि पुढे जेजुरीला मुक्काम करते. त्या काळात वाहतूक वळवलेली असते. वारी पाहायचीच असेल तर गोष्ट वेगळी. एरवी बेत पुढे ढकलावा.

हडपसर, पुणे

भुलेश्वराबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून थोडक्यात लिहितो. यवतजवळच्या टेकडीवरील या देवळात बाहेरून आत काय आहे याची कल्पना येत नाही; अंधाऱ्या मार्गातून आत गेल्यावर कोरीवकाम सुरू होते. बऱ्याच मूर्ती भंगलेल्या आहेत, तरीही स्त्रीरूपातील गणेश आवर्जून शोधावा. विजेरी सोबत न्यावी. स्वतःचे वाहन असेल तर रविवारी दुपारी भुलेश्वर पाहून सोलापूर रस्त्याने पुण्याला परतता येते आणि दिवे घाटातील संध्याकाळची कोंडी टळते. श्रावणी सोमवारी मात्र हीच वाट गजबजलेली असते.