माउंगाकिएकी (वन ट्री हिल): तुमचे अनुभव लिहा

न्यूझीलंडमधल्या ऑकलंडला येणाऱ्या पाहुण्यांना आपण हमखास नेतो तो हा डोंगर. उंची जेमतेम 182 मीटर, पण माथ्यावरून वाइतेमाता आणि मानुकाऊ ही दोन्ही बंदरं दिसतात. फोटो सगळ्यांकडेच आहेत. तिथे काय जाणवलं, कुणी काय सांगितलं, ते इथे लिहा.

रानवाटा:
सह्याद्रीत किल्ले पाहत वाढलो, त्यामुळे नजर आधी तटबंदी शोधते. इथे दगडी तट नाही. उतारावर एकाखाली एक सपाट टप्पे आहेत आणि ते सगळे माणसांनी लाकडी अवजारांनी खोदलेत! वाईओहुआ लोकांचा (न्यूझीलंडच्या मूळ रहिवासी माओरींपैकी एक वंशसमूह) हा 'पा', म्हणजे तटबंदीचं गाव. टप्प्यांवर घरं, भोवती लाकडी खांबांचं कुंपण. किवी तामाकी हा त्यांचा प्रमुख 18व्या शतकात इथे राहायचा. गवतात जागोजागी खोलगट खड्डे दिसतात, ते कुमारा (रताळी) साठवायचे. धान्यकोठार बघतो त्याच आदराने मी ते पाहिले. कृपया त्यात उतरू नका, कडा ढासळतात. सकाळी किंवा संध्याकाळी जा. तिरप्या उन्हात टप्प्यांच्या सावल्या पडतात आणि अख्खं गाव डोळ्यांपुढे उभं राहतं.

नातवंडांची आजी:
लेकीकडे आले होते. पायथ्याच्या कॉर्नवॉल पार्कात मेंढ्या-गाई चरतात, भर शहरात! कोकरं बघायला नातू रोज हट्ट करायचा. गाड्या टोकापर्यंत जात नाहीत, पण बसत-उठत मी वर गेले. वाऱ्याचं जाकीट हवंच.

वीस_नव्वद:
मी इथे फार वर्षं राहतो, म्हणून 'वन ट्री हिल' या नावातल्या झाडाबद्दल लिहितो. माथ्यावरचं मूळ झाड 1852मध्ये गोऱ्या वसाहतवाल्यांनी तोडलं. पुढे ऑकलंडच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या जॉन लोगन कॅम्पबेलने पाइन लावले, त्यातला शेवटी एकच उरला. 1994मध्ये एका माओरी कार्यकर्त्याने त्यावर करवत चालवली. ऑफिसात तेव्हा सगळे चिडले होते, मीही. नंतर एका माओरी सहकाऱ्याने शांतपणे विचारलं, "आणि 1852चं झाड?" त्या एका प्रश्नाने माझं मत बदललं. पाइन 2000मध्ये काढावा लागला. 2016मध्ये तिथे पोहुतुकावा आणि तोतारा या इथल्याच झाडांची रोपं लावली. मला ती पाइनपेक्षा प्रिय आहेत.

मेघना_ऑक:
माथ्यावरच्या उंच स्मारकस्तंभाचंही सांगते. माओरी लोकांच्या स्मरणार्थ तो उभारावा म्हणून कॅम्पबेलने मृत्युपत्रात पैसे ठेवले होते. बांधकाम 1940मध्ये पूर्ण झालं, पण अनावरण 1948मध्ये. रक्तपात चालू असताना स्मारकाचं अनावरण करायचं नाही, अशी माओरी रीत. महायुद्ध संपेपर्यंत थांबले. मला हे संपूर्ण डोंगरावरचं सगळ्यात मोठं वाटतं. कॅम्पबेलची कबरही तिथेच पायाशी आहे.

रानवाटा:
मेघना, धन्यवाद, हे ठाऊक नव्हतं. आणखी एक: 2014मध्ये ऑकलंडचे 14 डोंगर कायद्याने माओरी वंशसमूहांच्या मालकीत परत आले, त्यात हाही आहे. कारभार त्यांचे आणि महापालिकेचे प्रतिनिधी मिळून बघतात. माउंगाव्हाऊला (माउंट ईडन) गेलात तर विवरात उतरू नका, ते पवित्र आहे. लाकडी पायवाटेवरून ते नीट दिसतं.