लवचीक वेळेच्या अर्जाला नऊ आठवडे उत्तर नाही. पुढे काय करावे?

सुदामानगर_इंदूर

नमस्कार. सुपर कॉरिडॉरवर एका ब्रिटिश कंपनीचे कार्यालय आहे, तिथे मी सहा वर्षांपासून नोकरी करते. काही महिन्यांपूर्वी सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला. त्यांची उजवी बाजू अजून सावरलेली नाही आणि फिजिओथेरपिस्ट रोज सकाळी साडेनऊला घरी येतात. त्या वेळी सासूबाईंना दुसऱ्या बाजूने धरायला घरचे कोणीतरी लागतेच, आणि पतींची नोकरी फिरतीची आहे. म्हणून आठवड्यातून तीन दिवस घरून काम आणि उरलेले दोन दिवस साडेअकरा ते साडेआठ अशी वेळ मागणारा अर्ज मी व्यवस्थापकांना ई-मेलने पाठवला.

त्याला आज नऊ आठवडे झाले. व्यवस्थापक म्हणतात, ‘वरून कळले की सांगतो.’ एचआर म्हणते, ‘विचाराधीन आहे.’ नकारही कोणी देत नाही. कंपनीच्या धोरणपुस्तिकेत मात्र अशा अर्जावर दोन महिन्यांत निर्णय दिला जाईल, असे स्पष्ट छापलेले आहे. ब्रिटनमधला कायदा आम्हाला लागू होतो का? उत्तर येईपर्यंत मी स्वतःहून नवीन वेळ सुरू करावी का? आणि स्मरणपत्र लिहिले तर अप्रेझलच्या तोंडावर संबंध बिघडतील का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

वकिली_चष्मा

ताई, आधी कायद्याचे सांगतो. ब्रिटनमध्ये 6 एप्रिल 2024 पासून कर्मचाऱ्याला नोकरीच्या पहिल्या दिवसापासून असा अर्ज करता येतो. बारा महिन्यांत दोन अर्ज करता येतात, आणि मालकाला अपिलासह सगळा निर्णय दोन महिन्यांत द्यावा लागतो. पूर्वी ही मुदत तीन महिन्यांची होती. नकार देण्याआधी कर्मचाऱ्याशी चर्चा करणे बंधनकारक आहे आणि नकाराची कारणेही कायद्याने ठरवून दिलेल्या आठांपैकीच असावी लागतात. मुदत वाढवता येते, पण ती दोघांच्या संमतीनेच. मात्र हा कायदा तिथल्या कर्मचाऱ्यांसाठी आहे; मूळ कंपनी ब्रिटिश आहे एवढ्यावरून तो इंदूरच्या कार्यालयाला लागू होत नाही.

आपल्याकडे असा सर्वसाधारण हक्क देणारा कायदा नाही. 2017 च्या दुरुस्तीने मातृत्व लाभ कायद्यात घरून कामाची तरतूद आली, परंतु ती प्रसूती रजेनंतरच्या काळासाठी, कामाचे स्वरूप तसे असेल तर आणि परस्पर संमतीने. आजारी सासूबाईंच्या सेवेसाठी तिचा आधार घेता येणार नाही. त्यामुळे तुमच्या हातात जे आहे, ते धोरणपुस्तिकेतले ते एक वाक्य. ते कंपनीनेच दिलेले वचन आहे, म्हणून कायद्याचा दाखला न देता त्याच वाक्याचा दाखला द्या आणि ते पान आजच जपून ठेवा.

निवृत्त_एचआर_रामबाग

मी अठ्ठावीस वर्षे याच विभागात काढली, म्हणून टेबलाच्या पलीकडे काय चालते ते सांगतो. असे अर्ज बहुतेक वेळा वाईट हेतूने अडकत नाहीत. व्यवस्थापकाला वाटते की एकीला दिले तर उरलेले चौघेही मागतील; एचआरला वाटते की आधी व्यवस्थापकाने शिफारस करावी; आणि कागद दोघांच्या मध्ये पडून राहतो. ‘वरून’ म्हणजे नेमके कोण, हे अनेकदा त्यांनाही ठाऊक नसते. तेव्हा स्मरणपत्रात ‘उत्तर द्या’ एवढेच लिहू नका. निर्णय कोण घेणार आणि कोणत्या तारखेला, या दोनच गोष्टी विचारा, आणि ‘हो’ म्हणणे त्यांना सोपे जाईल असे काहीतरी पुढे ठेवा.

तुमच्या बाजूला एक भक्कम मुद्दा आहे, तो अर्जात आला आहे का ते पाहा. ब्रिटनमधले कार्यालय सकाळी नऊला उघडते तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारचे दीड आणि हिवाळ्यात अडीच वाजलेले असतात. म्हणजे साडेआठपर्यंत थांबण्याने तिथल्या लोकांशी तुमचा बोलण्याचा वेळ वाढतो, कमी होत नाही. मी पुढीलप्रमाणे लिहिले असते:

‘माझ्या अर्जाला नऊ आठवडे झाले असून धोरणपुस्तिकेनुसार दोन महिन्यांची मुदत उलटली आहे. निर्णय कोणाकडे प्रलंबित आहे आणि तो कोणत्या तारखेपर्यंत मिळेल, हे कृपया येत्या शुक्रवारपर्यंत कळवावे. कायमचा निर्णय लगेच शक्य नसल्यास आठ आठवडे प्रायोगिक तत्त्वावर ही वेळ द्यावी आणि त्यानंतर कामाचा आढावा घ्यावा. सकाळच्या बैठकीला मी घरून उपस्थित राहीन; फिजिओथेरपीच्या तासात तातडीचे काम कोण पाहील, ते सहकाऱ्यांशी बोलून सोबत जोडले आहे.’

हे व्यवस्थापकांना पाठवा, प्रत एचआरला. पाठवण्यापूर्वी व्यवस्थापकांना प्रत्यक्ष भेटून ‘आज लिहून पाठवते आहे’ एवढे सांगा. पत्रापेक्षा ते अचानक येण्याने माणसे जास्त दुखावतात. अप्रेझलची भीती समजते, पण तारखेनिशी लेखी नोंद असणे उद्या तुमच्याच कामी येईल.

गोट्या_विजयनगर

स्वतःहून सुरू करू नका, हे कळकळीने सांगतो. वडिलांच्या आजारपणात मी व्यवस्थापकांच्या तोंडी ‘चालेल’वर विसंबून दोन आठवडे घरून काम केले. ते दुसऱ्या विभागात गेले आणि नव्या साहेबांनी ते दहाही दिवस बिनपगारी रजा म्हणून लावले. माझ्याजवळ लेखी एक ओळ नव्हती. तोवर अगदीच अडले, तर अर्ध्या दिवसाच्या रजा रीतसर टाका.

सुदामानगर_इंदूर

सर्वांचे मनापासून आभार. काकांनी सुचवल्याप्रमाणे आधी भेटून सांगितले आणि सायंकाळी पत्र पाठवले. व्यवस्थापकांनी माझा मूळ अर्ज एचआरकडे पाठवलाच नव्हता, हे त्या भेटीत कळले. वाईट वाटले, परंतु आता गुरुवारी चार वाजता तिघांची बैठक ठरली आहे. तीनऐवजी दोन दिवस घरून चालेल का, असे विचारणार आहेत, असे दिसते.

निवृत्त_एचआर_रामबाग

दोन दिवसांना तयार असाल, तर ते कोणते हे तुम्हीच आधी सांगा आणि उरलेल्या तिन्ही दिवशी साडेअकराची वेळ पक्की करून घ्या, कारण फिजिओथेरपी रोजच आहे. बैठक संपताच ठरलेल्या गोष्टी चार ओळींत ई-मेलने पाठवा. व्यवस्थापक बदलले तरी ही व्यवस्था आढाव्याच्या तारखेपर्यंत चालू राहील, हे वाक्य त्यात न विसरता घाला.