'कॉग्निझेबल' म्हणजे प्रत्येक वेळी 'दखलपात्र'च का?

मसुदेकर:
फौजदारी कागदपत्रं मराठीत आणताना 'कॉग्निझेबल' हे विशेषण वेगवेगळ्या जागी भेटतंय. 'कॉग्निझेबल ऑफेन्स' म्हणजे दखलपात्र गुन्हा, इथपर्यंत ठीक. पण 'सूट (म्हणजे दावा) नॉट कॉग्निझेबल बाय अ सिव्हिल कोर्ट' असंही येतं आणि 'द कोर्ट टुक कॉग्निझन्स' असंही. सगळीकडे 'दखल' वापरून भागेल का? दुसरं म्हणजे, दखलपात्र = गंभीर = अजामीनपात्र असं समीकरण बरेच जण गृहीत धरतात. ते कितपत खरं?

कलमवाचक:
आधी दुसरा प्रश्न घेतो, कारण अर्थ तिथेच उलगडतो.

भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ (फौजदारी प्रक्रियेचा कायदा) मधली कलम २(१)(छ) ची व्याख्या पाहा (इंग्रजी पाठात 'जी'). ज्या गुन्ह्यात पोलीस अधिकारी पहिल्या अनुसूचीनुसार (संहितेला जोडलेला गुन्ह्यांचा तक्ता) किंवा अन्य कायद्यानुसार वॉरंटाशिवाय अटक करू शकतो, तो कॉग्निझेबल. व्याख्या तेवढीच. गुन्हा किती भयंकर आहे याबद्दल त्यात अवाक्षर नाही. हे विशेषण पोलिसांचा अधिकार सांगतं. जामिनाचं उत्तर अनुसूचीच्या वेगळ्या रकान्यात असतं आणि दोन्ही रकाने स्वतंत्रपणे वाचावे लागतात.

गुन्हे आणि शिक्षा सांगणाऱ्या भारतीय न्याय संहितेतली उदाहरणं घ्या. कलम १०६(१), निष्काळजीपणामुळे मृत्यू: दखलपात्र, पण जामीनपात्र. कलम २३०(१), देहदंडाच्या गुन्ह्यात कोणाला तरी अडकवण्यासाठी खोटा पुरावा देणं: शिक्षा जन्मठेपेपर्यंत, अजामीनपात्र, आणि तरीही अदखलपात्र! कारण कोर्टापुढच्या खोट्या पुराव्याची तक्रार त्या किंवा त्याच्या वरिष्ठ कोर्टाकडूनच यावी लागते, पोलिसांनी परस्पर धरपकड करावी असं कायद्याला नको आहे. कलम ३०३(२) ची चोरी दखलपात्र आहे, पण पहिल्याच वेळची, ५,००० रुपयांपेक्षा कमी किमतीची आणि माल परत केलेली चोरी अदखलपात्र. एकाच कलमात दोन उत्तरं निघतात, म्हणून नुसता कलम क्रमांक पाहून शब्द टाकू नये.

गुन्हा न्याय संहितेबाहेरच्या कायद्यातला असेल तर आधी त्या कायद्यातच तरतूद शोधा. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ७७ब स्वतःच सांगतं: तीन वर्षं आणि त्याहून जास्त शिक्षेचे गुन्हे दखलपात्र, तीन वर्षं शिक्षेचे जामीनपात्र. कायदा गप्प असेल तरच पहिल्या अनुसूचीचा दुसरा भाग लागतो: तीन वर्षं किंवा अधिक असेल तर दखलपात्र, तीन वर्षांपेक्षा कमी किंवा नुसता दंड असेल तर अदखलपात्र. 'तीन वर्षांपर्यंत' अशी शब्दरचना असली की वाद होतो. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ बाबत सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये 'निट प्रो' प्रकरणात तो गुन्हा दखलपात्र ठरवला.

शब्दवेध:
वरच्या व्याख्येच्या इंग्रजी पाठातला 'मे' (may, 'करू शकतो') हा शब्द भाषांतरात हमखास हरवतो. 'अटक करू शकतो' म्हणजे 'अटक करतोच' नव्हे. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) खाली हजर राहण्याची नोटीस देऊनही तपास चालतो. 'दखलपात्र गुन्हा असल्याने अटक अनिवार्य' हे वाक्य चुकीचंच.

आता पहिला प्रश्न. हे विशेषण ऑफेन्स, केस, सूट, डिस्प्यूट यांना लागतं, माणसाला लागत नाही. 'दखलपात्र आरोपी' असं छापलेलं दिसतं, ते अर्थहीन आहे. पुढे 'बाय' आलं की अर्थाची दिशाच बदलते: 'कॉग्निझेबल बाय अ सिव्हिल कोर्ट' म्हणजे दिवाणी न्यायालयाच्या अधिकारकक्षेत येणारा दावा. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ चं कलम ९ याच अर्थाने 'कॉग्निझन्स' वापरतं. तिथे 'दखलपात्र दावा' लिहिलंत तर वाचणाऱ्याला पोलीस आठवतील.

'टेक कॉग्निझन्स' ही तिसरी गोष्ट. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २१० खाली दंडाधिकारी गुन्ह्याची दखल घेतात, आणि तो गुन्हा अदखलपात्रही असू शकतो. 'न्यायालयाने अदखलपात्र गुन्ह्याची दखल घेतली' हे वाक्य मराठीत विनोदी वाटतं, पण कायद्याने चोख आहे. पहिल्या शब्दातली दखल पोलिसांची, दुसरी कोर्टाची. मसुद्यात दोन्ही शेजारी आले तर 'दंडाधिकाऱ्यांनी दखल घेतली' असा कर्ता स्पष्ट लिहा.

उच्चार 'कॉग्निझेबल'. 'ग' गाळून केलेला जुना वकिली उच्चारही आहे, तो कुणी करत असेल तर बिचकू नका.

मसुदेकर:
मग पोलीस ठाण्यात 'एनसी' (नॉन-कॉग्निझेबल, म्हणजे अदखलपात्र तक्रार) नोंदवली, तर तिथे 'गुन्हा दाखल' म्हणायचं की नाही?

कलमवाचक:
नाही. एफआयआर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ खाली, एनसी कलम १७४ खाली. एनसीमध्ये माहितीचा सारांश नोंदवहीत उतरवतात आणि खबर देणाऱ्याला दंडाधिकाऱ्यांकडे जायला सांगतात. दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही. आदेश मिळाला तर तपासाचे बाकी अधिकार मिळतात, वॉरंटाशिवाय अटकेचा मात्र मिळत नाही. 'अदखलपात्र गुन्ह्याची नोंद' हा शब्दप्रयोग बिनधोक.

दोन अपवाद ध्यानात असू द्या. एकाच प्रकरणातल्या अनेक गुन्ह्यांपैकी एक जरी दखलपात्र असला तरी १७४(४) नुसार सगळं प्रकरण दखलपात्र धरलं जातं. आणि कलम ३९: पोलिसांच्या डोळ्यांदेखत अदखलपात्र गुन्हा करून नाव-पत्ता सांगायला नकार दिला किंवा खोटा सांगितला, तर खरं नाव-पत्ता कळावा म्हणून अटक होऊ शकते.

टाकबोरू:
एक जोड. इंग्रजीत ठरलेलं वाक्य असतं, 'इन्फर्मेशन डिस्क्लोजेस कमिशन ऑफ अ कॉग्निझेबल ऑफेन्स'. त्याला 'दखलपात्र गुन्हा सिद्ध होतो' असं लिहू नका. 'माहितीवरून दखलपात्र गुन्हा घडल्याचं दिसून येतं' एवढंच. सर्वोच्च न्यायालयाच्या ललिता कुमारी निकालाने (२०१३) एफआयआर बंधनकारक केली ती याच टप्प्यावर, पुरावा तपासण्याच्या आधी. नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३(३) मध्ये मात्र तीन वर्षं किंवा अधिक, पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत पोलीस उपअधीक्षकांच्या परवानगीने १४ दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते. तिथे 'चौकशी'च लिहा, 'तपास' हा शब्द एफआयआरनंतरच्या कामासाठी राखून ठेवा.