पीटीच्या तासाला मुलाला पायरीवर बसवून ठेवतात, काय करता येईल?

नाशिकची_आई:
मुलगा ९ वर्षांचा, डाउन सिंड्रोम आहे, साध्याच शाळेत तिसरीत आहे. पीटीच्या तासाला सर त्याला पायरीवर बसवतात आणि बाकीच्यांच्या बाटल्या सांभाळायला देतात. गेल्या वर्षी क्रीडादिनाला त्याला एकट्यालाच पळवलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मेडलपण दिलं. सगळ्या आया म्हणाल्या किती गोड. घरी आल्यावर हा विचारतो, "आई मी कोणाला हरवलं?" काय सांगू मी त्याला. आता जानेवारीत परत क्रीडादिन आहे, शाळेशी भांडू का? की बौद्धिक दिव्यांगांच्या स्पर्धा असतात त्या स्पेशल ऑलिम्पिकमध्येच घालू?

रिटायर_पीटी_सर:
ताई, पोराने बरोबर प्रश्न विचारलाय. स्पेशल ऑलिम्पिकमध्ये हेच तर पाहतात. आधी सगळ्यांची वेळ घेतात, मग वय, मुलगा-मुलगी आणि वेग बघून जवळपास सारख्या पोरांचे गट पाडतात. म्हणजे शर्यत खरी होते, कोणीतरी हरतं पण. स्पर्धेसाठी वय ८ पूर्ण लागतं, तुमचा बसतोय, त्याहून लहानांसाठी यंग अ‍ॅथलीट्स असतं. भारतातलं काम स्पेशल ऑलिम्पिक्स भारत बघते, 2023 ला बर्लिनला आपल्या पोरांनी 202 मेडल आणली, पेपरात कोपऱ्यात छापलं होतं. आणि पॅरालिम्पिक वेगळं बरं का, ते मुख्यतः शारीरिक किंवा दृष्टीचं अपंगत्व असलेल्या खेळाडूंचं, लोक दोन्ही एकच समजतात.
शाळेतही हे जमतं. दुसरीतली पोरं घ्या, जवळपास त्याच वेळेत पळणारी चार शोधा, लावा एका रेषेत. खर्च शून्य.

अनुची_मम्मी:
पळवायच्या आधी एक काम कर ग, डॉक्टरांना मानेबद्दल विचार. डाउनच्या काही मुलांचा मानेच्या वरच्या दोन मणक्यांमधला सांधा सैल असतो, त्यामुळे कोलांटी, डोक्यावर उभं राहणं, सूर मारणं हे विचारल्याशिवाय नकोच. मान दुखते म्हणाला, चाल बदलली किंवा लघवीवरचा ताबा सुटायला लागला तर लगेच दाखव. आमच्या अनुला शिट्टीचीच भीती होती, कानावर हात ठेवून खालीच बसायची, मग सरांनी रुमाल हलवायला सुरुवात केली आणि बाईसाहेब सगळ्यात आधी सुटायला लागल्या 😄

कायद्याचं_बोला:
भांडायची वेळ आलीच तर 2016 चा दिव्यांग हक्क कायदा, कलम 16. भेदभाव न करता प्रवेश आणि खेळाची संधी इतरांच्या बरोबरीने, असं त्यात आहे, आणि ते सरकारी व अनुदानित शाळांनाच नाही तर मान्यताप्राप्त शाळांनाही लागतं. लेखी अर्ज द्या, पोच घ्या. तोंडी बोललेलं कोणी लक्षात ठेवत नाही.

रिटायर_पीटी_सर:
अर्ज नंतर हो. आधी सरांना भेटा. आमच्या ट्रेनिंगला या मुलांबद्दल अर्धं पान होतं, पोराला काही झालं तर आपल्यावर येईल म्हणून माणूस पायरीवर बसवतो.

नाशिकची_आई:
अपडेट. डॉक्टरांनी तपासलं, पळायला हरकत नाही म्हणाले, कोलांटी नको. सर पहिल्यांदा जरा आखडले होते, मग मीच घड्याळ घेऊन उभी राहिले. 50 मीटरला 17 सेकंद. दुसरीतल्या एकाला 16 लागले, तेव्हापासून आमचं ध्यान रोज संध्याकाळी पार्किंगमध्ये पळतंय आणि मला जेवण सोडून मोजायला बोलावतंय.